सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू कोण? वादामागची पार्श्वभूमी

सांगलीत बुद्धिबळाची स्पर्धा असली की दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात हा वाद निघतोच. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने खेळ रुजवलेले हे गाव. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. डाव तोंडपाठ असलेली माणसेही एकमतावर येत नाहीत, कारण प्रत्येकाचे माप वेगळे आणि ते वेगळ्या काळात घडलेले.

अमेरिकेच्या मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसला जर्मनीच्या अँडरसनवर ७ विजय, २ पराभव, २ बरोबरी अशी मात केली तेव्हा जगज्जेतेपदच नव्हते. ते आले १८८६ च्या स्टाइनित्झ-झुकरटोर्ट लढतीपासून. किती वर्षे किताब राखला, एवढेच पाहायचे तर लास्कर सर्वांत पुढे: १८९४ ते १९२१. पण तेव्हा आव्हानवीराने पैसा उभा करायचा आणि अटी जगज्जेत्याने घालायच्या, हेही लक्षात घ्यायला हवे.

फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७० मध्ये एलो यांची रेटिंग पद्धत, म्हणजे निकालांवरून खेळाडूची ताकद आकड्यात मांडण्याची रीत, स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने १०० डावांत साधारण ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत, इतकेच ती सांगते. म्हणजे एकाच काळात खेळणाऱ्यांमधले हे अंतर. चूक इथेच होते: कार्लसनचे २८८२ (मे २०१४) फिशरच्या २७८५ (१९७२) शेजारी मांडून निकाल लावला जातो. मांडायचे ते दुसऱ्या क्रमांकापासूनचे अंतर. फिशर स्पास्कीच्या १२५ गुण पुढे, कास्पारोव्ह जुलै १९९९ मध्ये आनंदच्या ८०, कार्लसन अरोनियनच्या ६७. या हिशेबाने फिशरच. पण १९७५ मध्ये किताब राखायला तो पटावर बसलाच नाही. कास्पारोव्ह दोन दशके अव्वल टिकला, म्हणून आमचा कौल त्याला.

२००६ मध्ये गिड आणि ब्रात्को या संशोधकांनी जगज्जेत्यांच्या चाली संगणकाकडून तपासल्या. सर्वांत कमी चुका कापाब्लांकाच्या निघाल्या. मात्र शांत, सोप्या स्थितीत चुका मुळातच कमी होतात.

आणि पंजाबातला मीर सुलतान खान? तो देशी नियमांवर वाढलेला; त्यात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नाही, त्यामुळे युरोपातल्या डावाच्या ठरीव सुरुवाती त्याला नव्याने शिकाव्या लागल्या. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये तो ब्रिटिश विजेता झाला आणि १९३०-३१ च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. किताबाची लढत नाही, रेटिंग नाही, कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. फिडेने त्याला ग्रँडमास्टर (खेळातला सर्वोच्च दर्जा) ठरवले ते २०२४ मध्ये, मरणोत्तर.