शेवटची फिट कधी आली होती?

भारतात लायसन्सचा अर्ज करताना प्रकृतीविषयी स्वतःच एक घोषणापत्र भरून द्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला हा ‘नमुना १’. त्यातला सुरुवातीचाच प्रश्न असा: तुम्हाला अपस्मार (म्हणजे फेफरं, पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) आहे का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा चक्कर येण्याचे झटके येतात का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. शेवटची फिट गेल्या आठवड्यात आली की बारा वर्षांपूर्वी, गोळ्या चालू आहेत की केव्हाच बंद झाल्या, फिट झोपेत येते की जागेपणी, यातलं काहीही सांगायला तिथे जागा नाही.

अनेक देशांनी गेल्या काही दशकांत हा प्रश्न बदलून घेतला. ‘अपस्मार आहे का?’ इथे न थांबता ते पुढे विचारतात, ‘शेवटची फिट कधी आली?’ या दुसऱ्या प्रश्नामागे बरंच गणित आहे आणि ते समजायला अवघड नाही.

त्याआधी फिट म्हणजे काय ते पाहू. मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश एरवी आपापल्या तालात चालतात. काही क्षण त्यांचा मोठा समूह एकदम, बेलगाम पेटतो, ती फिट. माणूस कोसळतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पण गाडीच्या दृष्टीने अधिक फसवी असते ती शांत फिट. तीत ड्रायव्हर सरळ बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर, पाय एक्सलरेटरवर. शेजारी बसलेल्यालाही चटकन कळत नाही की याचं भान हरपलं आहे. अशी फिट साधारण अर्धा मिनिट ते दोन मिनिटं टिकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, म्हणजे एका मिनिटाच्या फिटमध्ये पूर्ण एक किलोमीटर. लहानपणी सुरू होणाऱ्या ‘अ‍ॅबसेन्स’ प्रकारात माणूस जेमतेम दहा सेकंद हरवतो. तेवढ्यातही दीडशे मीटरहून जास्त अंतर कापलं जातं, आणि परत भानावर आल्यावर मधे काही घडलं याचा त्याला पत्ताही नसतो.

हे वाचून कुणालाही वाटेल की सरसकट बंदीच बरी. आकडे मात्र वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये झालेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपस्मार असलेल्या लायसन्सधारकांच्या अपघातांचं प्रमाण इतरांच्या १.३३ पट निघालं. मधुमेहींचं निघालं १.३२ पट. मधुमेहींनी गाडी चालवूच नये, असं कुणी म्हणत नाही. १९९५ ते १९९७ या काळातल्या अमेरिकेतल्या आकडेवारीत, अपघातात मृत्युमुखी पडलेल्या ड्रायव्हरांपैकी फिटशी संबंध असलेले होते सुमारे ०.२ टक्के, तर दारूशी संबंध असलेले ३० टक्क्यांच्या आसपास.

या आकड्यांवर मी फार भार टाकणार नाही. विस्कॉन्सिनमध्ये मोजले गेलेले लोक लायसन्स असलेले, म्हणजे नियमांच्या चाळणीतून आधीच गेलेले होते. चाळणी काढून टाकली तर काय होईल, ते या आकड्यांतून कळत नाही. एवढंच कळतं की चाळणी नीट असेल तर पुढे जाणारा माणूस रस्त्यावरच्या इतर धोक्यांहून फार वेगळा नसतो.

मग चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची? याचं एक सुबक उत्तर हृदयरोगाच्या बाजूने आलं. हृदयाचे ठोके अचानक बिघडून शुद्ध हरपणाऱ्यांबाबतही हाच पेच होता. कॅनडातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९० च्या दशकात चार संख्यांचा गुणाकार सुचवला. माणसाच्या वेळेचा किती हिस्सा गाडी चालवण्यात जातो, वाहन किती घातक आहे, वर्षभरात अचानक शुद्ध हरपण्याची शक्यता किती, आणि शुद्ध हरपलीच तर त्यातून कुणाला इजा किंवा मृत्यू होण्याची शक्यता किती. शेवटची संख्या त्यांनी २ टक्के धरली. ट्रकचालक आयुष्याचा पाव हिस्सा चाकामागे घालवतो, आणि ट्रकची घातकता १ मानली. स्वतःची कार चालवणाऱ्याचा ४ टक्के वेळ, म्हणजे दिवसाचा तासभर, आणि कारची घातकता ०.२८. समाज वर्षाला २०,००० मध्ये १ इतका धोका पत्करतो असं धरून गुणाकार उलटा सोडवला, की ट्रकचालकाला वर्षभरात शुद्ध हरपण्याची १ टक्का शक्यता चालते आणि कारवाल्याला २२ टक्के.

पहिल्यांदा वाचताना २२ टक्के हा आकडा अंगावर येतो. पाचात एक शक्यता, आणि तरी परवानगी? पण फिट येण्याच्या नेमक्या क्षणी माणूस गाडीत असेल का, हा प्रश्न वेगळाच आहे. वर्षात एखादी फिट आलीच, तर ती बहुधा घरी, कामावर किंवा अंथरुणात येईल.

ब्रिटनमध्ये अपस्मारासाठीची पट्टीही जवळपास अशीच आहे. कार आणि मोटरसायकलसाठी वर्षाला २० टक्के, ट्रक आणि बससाठी २ टक्के. आता ‘किती महिने थांबायचं’ याचं उत्तर आपोआप मिळतं, कारण फिट पुन्हा येण्याची शक्यता सगळ्या काळात सारखी नसते. ती सुरुवातीला सर्वात जास्त असते आणि फिटविना गेलेल्या प्रत्येक महिन्यागणिक उतरत जाते. आयुष्यातली पहिलीच फिट येऊन गेलेल्यांचा ब्रिटिश संशोधकांनी हिशोब केला. सहा महिने काही न होता गेले, तर पुढच्या वर्षभरात फिट येण्याची शक्यता लगेच औषध सुरू केलेल्यांत १४ टक्क्यांच्या आसपास आणि न केलेल्यांत १८ च्या आसपास उरते. दोन्ही आकडे २० च्या खाली. म्हणून तिथे पहिल्या एकट्या फिटनंतर, तपासण्यांत काही चिंतेचं न आढळल्यास, कारसाठी सहा महिने थांबावं लागतं, आणि अपस्माराचं निदान झालेलं असेल तर बारा महिने. १९९४ पूर्वी हीच मुदत दोन वर्षांची होती.

अपस्मार असेल तर ट्रक आणि बससाठी मात्र फिटशिवाय दहा वर्षं, आणि तीही गोळ्यांविना. गोळ्या घेऊन वीस वर्षं ठणठणीत असलेल्याला बस चालवता येत नाही. हा नियम कठोर वाटतो, आणि आहेच. पण २ टक्क्यांच्या खाली जायला दुसरा मार्गही फारसा नाही.

वेळेइतकाच फिटच्या प्रकारालाही अर्थ असतो. एखाद्याला फक्त झोपेतच फिट येत असेल, जागेपणी कधीच आली नसेल, आणि हा क्रम वर्षभर तसाच राहिला, तर ब्रिटनमध्ये फिट चालू असतानाही कार चालवता येते. पूर्वी कधी जागेपणी आली असेल तर तीन वर्षांचा क्रम दाखवावा लागतो. भान आणि हालचालींवरचा ताबा न जाता नुसती हाताला मुंग्या येण्यासारखी फिट येत असेल, तर तिलाही असाच अपवाद आहे. एका ‘हो’ किंवा ‘नाही’त हे सगळं कोंबायचं म्हटलं तर कसं मावणार?

गोळ्या बंद करण्याचा काळ हा यातला सर्वात नाजूक भाग, आणि त्याबद्दल रुग्णांशी पुरेसं बोललं जात नाही. दोन वर्षं फिट नसलेल्या १,०१३ जणांवर ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यापैकी ७८ टक्के पुढची दोन वर्षंही फिटमुक्त राहिले. ज्यांनी हळूहळू बंद केल्या त्यांच्यापैकी ५९ टक्के. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून अधिक लोक ठीक राहतात, पण गाडीच्या दृष्टीने मधला फरक मोठा आहे. म्हणून डोस उतरवताना आणि शेवटच्या गोळीनंतर सहा महिने गाडी न चालवण्याचा सल्ला तिथे दिला जातो. ज्याची नोकरीच गाडीवर आहे, असा माणूस ‘गोळ्या सोडू का?’ या प्रश्नाचं उत्तर इतरांहून वेगळं देईल, आणि त्यात चूक काही नाही.

मुदत किती असावी यावर अजून एकमत नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत ती वेगळी आहे. अ‍ॅरिझोनाने १९९४ मध्ये ती बारा महिन्यांवरून तीनवर आणली. नंतर अपघातांची मोजदाद केली तेव्हा फिटमुळे झालेल्या अपघातांत लक्षणीय वाढ दिसली नाही. दुसरीकडे, १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर फिटमुक्त असणाऱ्यांत असे अपघात होण्याची शक्यता ९३ टक्क्यांनी कमी आढळली. मग अ‍ॅरिझोनात अपघात वाढले का नाहीत? माझा अंदाज असा, की कागदावरची मुदत आणि लोकांचं प्रत्यक्ष वागणं यांचा मेळ कायदा करणाऱ्यांना वाटतो तितका नसतो. याच १९९९ च्या अभ्यासात फिट येऊन अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मुदत न पाळताच गाडी चालवत होते, आणि पाचांतल्या एकाचा त्याआधीचा गोळीचा डोस चुकला होता.

लपवाछपवी हे या विषयातलं खरं दुखणं आहे. जपानमध्ये २००२ पर्यंत अपस्मार असलेल्यांना लायसन्सच मिळत नसे. त्या वर्षी कायदा बदलला, आणि दोन वर्षं फिटमुक्त राहिलेल्यांसाठी दार उघडलं. पण २०११ मध्ये कानुमा शहरात क्रेनच्या गाडीच्या चालकाला फिट आली आणि शाळेत निघालेली सहा मुलं दगावली. त्याने आपला आजार लायसन्सच्या अर्जात लपवला होता. त्यानंतर कायदा पुन्हा कडक झाला. २०१४ पासून तिथे खोटी माहिती देणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. मुदत मात्र दोन वर्षांचीच राहिली, सरसकट बंदी परत आली नाही.

डॉक्टरांनीच सरकारला कळवावं, असाही एक उपाय आहे. कॅलिफोर्नियासह अमेरिकेतल्या काही राज्यांत ते सक्तीचं आहे. मला हा उपाय पटत नाही. डॉक्टर कळवणार हे ठाऊक असलेला रुग्ण ‘मधे एकदा जरा झालं होतं’ हे वाक्य गिळून टाकतो. मग त्याचा डोस वाढत नाही, आणि तो गाडी चालवत राहतो.

लायसन्स हातात असलं तरी काही गोष्टी रोजच्या रोज पाहाव्या लागतात. अपुरी झोप हे फिटचं सर्वात ओळखीचं निमित्त, विशेषतः किशोरवयात सुरू होणाऱ्या त्या प्रकारात, ज्यात सकाळी उठल्यावर हात दचकल्यासारखे उडतात. अशा माणसाने रात्रभर जागून पहाटे गाडी काढणं म्हणजे फिटला आमंत्रणच. उलट्या झाल्या आणि गोळी पोटात टिकली नाही, तर तो डोस चुकल्यातच जमा. नवीन औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस येणारी गुंगीही मोजावी लागते. फिट येण्याआधी काही जणांना पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं किंवा विचित्र वास येतो. अशी भरवशाची पूर्वसूचना असणाऱ्यांचे अपघात १९९९ च्या अभ्यासात कमी आढळले. तरी सूचना आज आली म्हणून उद्याही येईलच, असं नाही.

आता पुन्हा त्या घोषणापत्राकडे. अपस्मारावरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये ठरवलं, की दहा वर्षं फिट नसेल आणि त्यातली शेवटची पाच वर्षं गोळ्याही नसतील, तर अपस्मार ‘निवळला’ असं म्हणावं. अशा माणसाला ‘तुम्हाला अपस्मार आहे का?’ असं विचारलं तर वैद्यकशास्त्राच्या भाषेत त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. प्रश्न वर्तमानकाळात आहे, त्यामुळे हा माणूस सुटतो. रोज दोन गोळ्या घेणारी, तीन वर्षांत एकही फिट न आलेली बाई मात्र सुटत नाही. ब्रिटनमध्ये किंवा जपानमध्ये ती कायद्याने कार चालवू शकली असती. इथे खरं उत्तर दिलं तर लायसन्स नाही, आणि लायसन्स हवं असेल तर खरं उत्तर देता येत नाही.