नाशिक–नागपूर हवाई अंतर आणि प्रवासवेळ

नाशिकजवळचा ओझर विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 545 किमी, म्हणजे 294 सागरी मैल आहे. ओझरहून निघालेली ही रेघ पूर्वेकडे किंचित उत्तरेला कलत मनमाड, बुलढाणा, अकोला आणि बडनेरा यांच्या जवळून जाते. भुसावळमार्गे रेल्वेने हेच अंतर साधारण 650 किमी भरते.

अंतर ठरलेले असले तरी वेळ ठरलेली नसते. 545 ला जेट विमानाच्या ताशी 800 किमी वेगाने भागून ‘40 मिनिटे’ सांगणारे हिशेब फसवे असतात. अशा लहान मार्गांवर बरेचदा पंख्यांचे एटीआर-72 उडते आणि त्याचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास असतो. म्हणजे नुसते अंतर कापायलाच 65 मिनिटे लागतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असल्याने त्यात सुमारे 10 मिनिटे वाढतात, दोन्हीकडच्या टॅक्सीइंगची, म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत आणि तिथून जागेवर जाण्याची, आणखी 10 ते 15. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात. ती एटीआरसाठी दीड तासाच्या आसपास धरावी, लहान जेटसाठी सव्वा तास.

वाऱ्याचा परिणाम मंद विमानावर जास्त जाणवतो. हिवाळ्यात वरच्या थरांत वारा पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी 55 किमी असेल तर नुसते अंतर कापायला एटीआरला नागपूरकडे जाताना सुमारे 59 मिनिटे पुरतात, परतताना मात्र 73 ते 74 लागतात. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे तोंड करून उड्डाण झाले की विमानाला आधी वळून घ्यावे लागते, त्यात दोन-चार मिनिटे जातात.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकतो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे दुपारच्या उड्डाणात कधीकधी वजन कमी करावे लागते. एकच विमान दिवसभर अनेक फेऱ्या करत असेल तर सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. नागपूरहून पुढे दुसरे विमान पकडायचे असेल तर सकाळची फेरी घेणे शहाणपणाचे.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब वेगळा. ओझर नाशिक शहरापासून सुमारे 20 किमी दूर आहे, तिथे पोहोचायला 45 मिनिटे धरावीत. चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाआधी 60 मिनिटांनी बंद होतो, म्हणून तिथे दीड तास आधी हजर असावे. सामान मिळून सोनेगावहून शहरात शिरेपर्यंत आणखी 50 मिनिटे जातात. असे एकूण साडेचार तास होतात. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी ट्रॉली बॅग शिडीपाशी काढून घेतली जाऊ शकते, तेव्हा औषधे, चाव्या आणि कागदपत्रे आधीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवावीत.