चोर्ल्याच्या अलीकडचा समुद्र

बेळगावकराला समुद्र म्हणजे चोर्ला घाट उतरून गाठायची रविवारची गोष्ट. पण खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगवणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. म्हणजे तिथल्या पाण्यात आपलाही वाटा आहे.

ते पाणी कसं आहे हे ठरवताना विरघळलेला प्राणवायू मोजावाच लागतो. आता यंत्रं आली, तरी रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची १८८८ची रीत अजून भरवशाची. बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरायची आणि जागच्या जागी त्यात मँगनीजचा क्षार व अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल घातलं की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडिन सुटतं, स्टार्च टाकला की ते निळं दिसतं. मग आयोडिन संपवणाऱ्या थायोसल्फेटचे थेंब टाकत तो निळा रंग घालवायचा. किती थेंब लागले त्यावरून हिशेब. (बारावीला ब्युरेटशी झटापट केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.)

२५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्यात पावणेसातच्या आसपास. पोहण्याच्या किनाऱ्यावर तो निदान ४ हवा, असं आपलं मानक सांगतं. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जीवाणू प्राणवायू फस्त करतात. पण आकडा घसरला म्हणून लगेच गटाराला दोष देऊ नये. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी आपसूक वर सरकतं. त्यात घाटांवरचा पाऊस नद्यांमधून समुद्रात पोचतो. गोडं पाणी हलकं, ते वर झाकणासारखं पसरतं आणि हवेतला प्राणवायू खाली जाऊ देत नाही. म्हणून एकाच जागी, वर्षानुवर्षं, ऋतू धरून घेतलेल्या नोंदींनाच किंमत.

विष्ठेतल्या जीवाणूंचं तसं नाही. ४४.५ अंशांना नमुना ठेवून ते वाढवून बघतात. १०० मिलीलिटरमध्ये १००च्या वर गेले तर पाणी पोहण्याजोगं नाही. किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलल्याने फोटो छान येतो, हा आकडा हलत नाही. तो खाली आणायला संडासाचं पाणी नाल्यात पडण्याआधी शुद्ध करावं लागतं.

आणि नाले काय फक्त गोव्यातच आहेत? बेळगावचा बळ्ळारी नाला मार्कंडेय नदीला मिळतो, ती घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. ते पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेवर असतं. विंकलरची बाटली तिथेही तशीच भरते.