डिस्लेक्सिया असेल तर बुकशेअरचं सदस्यत्व कसं घ्यायचं: पात्रता, कागदपत्रं आणि सही कोणाची

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवली तर ते खिळून ऐकतं, मग प्रश्न विचारून भंडावून सोडतं, आणि तेच पुस्तक स्वतः वाचायला दिलं की पहिल्याच पानावर अडतं. अडचण अक्षरांवरून शब्द ओळखण्यात असते, डोकं चांगलं चालत असतं. म्हणून ऐकून पुस्तक पूर्ण केलं तर ती फसवणूक आहे असं कृपा करून कोणी मुलांना सांगू नका.

बुकशेअर ही बेनेटेक या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेची ऑनलाइन लायब्ररी, इथली पुस्तकं ऐकताही येतात, २००२ पासून चालू आहे, दहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत आणि अमेरिकेबाहेरूनही बऱ्याच देशांतून सदस्य होता येतं. छापील पुस्तक वाचण्यात अडथळा आणणारं अपंगत्व ही मुख्य अट, म्हणजे दृष्टिदोष, हातात पुस्तक धरता न येणं, किंवा डिस्लेक्सियासारखी वाचनाची अडचण. नुसती भाषा नवीन आहे म्हणून वाचता येत नाही, तर ते बसत नाही.

वैयक्तिक अर्ज ऑनलाइन भरायचा. नाव, जन्मतारीख, ईमेल, अडचणीचा प्रकार, एवढं पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मूल १८ च्या खाली असेल तर पालकांनी भरायचं. खरं घोडं अडतं ते पुराव्यापाशी, कारण मोठ्या डॉक्टरचंच सर्टिफिकेट लागणार असं धरून लोक अर्ज अर्धवट सोडतात. पण तिथे एक छोटा फॉर्म असतो, त्यावर तुमची अडचण माहीत असलेल्या जाणकार व्यक्तीची सही चालते, मग ती विशेष शिक्षिका असो, शाळेतली मानसशास्त्रज्ञ असो, अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञ असो किंवा फॅमिली डॉक्टर असो. त्यामुळे आधी शाळेत विचारा. सही करणाऱ्याचं पद आणि संपर्क नीट वाचता येईल असा लिहून घ्या.

दुसरा रस्ता शाळेचा. शाळेने संस्था म्हणून नोंदणी केली की शिक्षक पात्र मुलांची नावं यादीत घालतात आणि त्यांना पुस्तकं नेमून देतात, अभ्यासाच्या पुस्तकांना हे फार सोपं पडतं. पण मुलाला सुट्टीत मनाने भुताच्या गोष्टी शोधून ऐकायच्या असतील तर वैयक्तिक सदस्यत्वही काढाच, आवड तिथेच लागते.

अमेरिकेतल्या पात्र विद्यार्थ्यांना सगळं मोफत आहे, बाकीच्यांना देशानुसार शुल्क असू शकतं. प्रकाशकाची परवानगी देशागणिक बदलते, त्यामुळे एखादं पुस्तक यादीत दिसलं नाही तर तुमचा अर्ज चुकला असं समजू नका. घेतलेली फाइल फक्त सदस्याच्या वापरासाठी असते, मित्राला किंवा वर्गाच्या ग्रुपवर पाठवायची नाही, अर्जातच तसा करार मान्य करावा लागतो.

मंजुरी मिळाली की पुस्तक डेझी (वाचनाची अडचण असणाऱ्यांसाठी बनवलेला डिजिटल पुस्तकाचा प्रकार), ईपब (नेहमीचं ई-पुस्तक) किंवा एमपीथ्री (नुसता आवाज) फॉरमॅटमध्ये घेता येतं. नुसतं ऐकायचं तर एमपीथ्री पुरतं, पण मी म्हणेन की ईपब किंवा डेझी घेऊन ते वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा, म्हणजे जो शब्द बोलला जातोय तो स्क्रीनवर रंगीत होतो आणि कान-डोळे बरोबर चालतात. बहुतेक पुस्तकांत आवाज कॉम्प्युटरचा असतो, तो आधी रुक्ष वाटतो, म्हणून आवाज आणि वेग मुलाच्या हाताने निवडू द्या.