नदीकाठच्या उद्यानांची पार्श्वभूमी: पूर, मैलापाणी आणि मोकळी झालेली जागा

शहरातील नदीकाठच्या उद्यानात एखादा दिवस घालवण्याचा बेत आखताना बहुतेक जण वाहनतळ, सायकलमार्ग आणि हवामान एवढेच पाहतात. पाण्यालगतची वाट मुसळधार पावसात बंद का केली जाते, नदी समोर असूनही तिच्यात उतरायला मनाई का असते आणि काही उद्यानांत तर मुळात नदीच का नसते, याची उत्तरे या जागा कशा घडल्या त्यात सापडतात.

त्यांतील मनाईचा उगम एकोणिसाव्या शतकात आहे. १८५८च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्सच्या दुर्गंधीने संसदेच्या सदस्यांनाही आपल्या इमारतीत बसणे अवघड झाले आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला. नदीला समांतर टाकलेल्या मोठ्या वाहिन्यांनी मैलापाणी अडवून शहराच्या पूर्वेला न्यायचे, अशी ती योजना होती. त्यातील एक वाहिनी सामावून घेण्यासाठी नदीत भराव घालून बांधलेल्या, १८७० मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर रस्ता आणि बागा आल्या. तेथे फेरफटका मारणारा माणूस आजही त्या वाहिनीच्या वरूनच चालत असतो. मात्र अशा व्यवस्थेत पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून जातात, आणि जोराच्या पावसात जादा पाणी नदीत सोडण्याची सोय तिच्या रचनेतच असते. अनेक जुन्या शहरांत हीच पद्धत असल्यामुळे पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पाण्यापासून दूर राहण्याची सूचना दिली जाते. पॅरिसमध्ये सेन नदीत पोहण्यावर १९२३ मध्ये बंदी आली. २०२४च्या ऑलिंपिकसाठी पावसाचे पाणी साठवणारी प्रचंड भूमिगत टाकी बांधूनही पावसानंतरच्या प्रदूषणामुळे पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. २०२५च्या उन्हाळ्यात नदीतील पोहण्याची ठिकाणे सर्वांसाठी खुली झाली, पण पाऊस झाला की तीही बंद ठेवावी लागतात.

दुसरा धागा पुराचा आहे, आणि त्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण स्पेनमधील व्हॅलेन्सिया. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला आलेल्या पुरात किमान ८१ जणांचा बळी गेला. त्यानंतर नवा कालवा खोदून नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आली आणि शहराच्या मधोमध पुलांसकट कोरडे पात्र उरले. त्यातून द्रुतगती मार्ग न्यावा, असा प्रस्ताव होता. त्या काळच्या रस्तेप्रेमाला तो साजेसाच म्हणायचा. नागरिकांनी मात्र ‘हे पात्र आमचे आहे आणि ते आम्हाला हिरवे हवे’ अशी मागणी लावून धरली, आणि १९८६ पासून तेथे सुमारे ९ किलोमीटर लांबीचे उद्यान उभे राहत गेले. आज जुन्या पुलांच्या कमानींखालून लोक धावतात, सायकली चालवतात. ऑक्टोबर २०२४च्या महापुरात नव्या कालव्याने मूळ शहर वाचवले, पण त्याच्या दक्षिणेकडील गावांची भीषण हानी झाली.

रस्ते हटवून नदीकाठ परत मिळवण्याची लाट त्यामानाने अलीकडची आहे. अमेरिकेतील पोर्टलंडने १९७४ मध्ये नदीलगतचा महामार्ग बंद करून त्या जागी उद्यान केले. सोलमध्ये छंगग्येछन हा ओढा आधी झाकला गेला आणि त्यावर उन्नत मार्ग उभारला गेला. २००३ मध्ये तो मार्ग पाडायला सुरुवात झाली आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा मोकळा प्रवाह लोकांसाठी खुला झाला. तेथे वाहणारे पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेले असते, हा तपशील ओढ्याच्या ‘पुनरुज्जीवना’चे कौतुक करताना सहसा गाळला जातो. हे पात्र अरुंद आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा बरेच खाली असल्याने जोरदार पावसात तेथील वाटा तातडीने बंद केल्या जातात.

पुराला भिंतींनी रोखण्याऐवजी पसरायला जागा देण्याचा विचारही याच काळात रुजला. म्युनिकमध्ये २००० ते २०११ या काळात इसार नदीच्या ८ किलोमीटर पट्ट्यातील ताठ काठ मोडून गोट्यांचे उथळ किनारे तयार केले गेले. सिंगापूरच्या बिशान उद्यानात २०१२ पर्यंत २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्याची जागा वळणे घेत जाणाऱ्या नदीने घेतली. तेथील काठचे गवत कोरड्या दिवशी खेळायचे मैदान असते आणि पाऊस पडला की नदीचेच पात्र बनते. म्हणून पाण्याची पातळी मोजणारी यंत्रणा, इशारा देणारे दिवे आणि भोंगे उद्यानाबरोबरच बसवले गेले. पाणी वरच्या पाणलोट क्षेत्रातून येत असल्याने डोक्यावर ऊन असतानाही भोंगा वाजू शकतो, आणि तो वाजल्यावर काठापासून दूर, उंचावर जायचे असते.