अंडरव्होल्ट की पॉवर लिमिट? प्रोसेसर थंड करायचे दोन वेगळे उपाय

डेस्कटॉपचा प्रोसेसर तापतोय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘अंडरव्होल्ट कर’ आणि ‘पॉवर लिमिट लाव’. दोन्ही बायोसमधून (म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून) करता येतात, दोन्हींना पैसे लागत नाहीत, आणि काम जमलं की वॅट, व्होल्टेज, तापमान हे तिन्ही आकडे उतरलेले दिसतात. त्यामुळे पुष्कळांना ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात. तशी ती नाहीत.

कुठल्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं, याचा आलेख प्रोसेसरमध्ये कारखान्यातच भरलेला असतो. पॉवर लिमिट त्या आलेखाला हात लावत नाही. एवढ्या वॅटच्या वर जाऊ नकोस, इतकंच ते सांगतं. मग प्रोसेसर त्याच आलेखावर थोडा खाली, कमी वेगावर आणि त्या वेगाला नेमून दिलेल्या कमी व्होल्टेजवर चालतो. अंडरव्होल्टमध्ये आपण आलेखच खाली ओढतो: वेग तोच, पण व्होल्टेज कंपनीने ठरवलं त्याहून कमी.

पॉवर लिमिटचं चांगलं उदाहरण म्हणजे रायझन ७ ७७००एक्स. त्याच्यावर १०५ वॅट लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात त्याला १४२ वॅटपर्यंत मुभा असते. बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड निवडला की ही मुभा ८८ वॅटवर येते. वेग किती घटेल, अशी धास्ती वाटते. पण तेवढेच आठ कोर असलेला रायझन ७ ७७०० एएमडी मुळात ८८ वॅटच्याच मर्यादेवर विकते. व्हिडिओ रेंडर करताना थोडा फरक पडेल, गेममध्ये तो शोधावा लागेल.

इंटेलच्या के मालिकेत तर ही मर्यादा आधी तपासायलाच हवी. कोअर आय७ १३७००केची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे, पण जुनं बायोस असलेले अनेक मदरबोर्ड पीएल१ (दीर्घकाळची वॅट-मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) या जागी थेट ४०९५ भरून ठेवतात, म्हणजे मर्यादाच नाही. तिथे नवा कूलर घेण्याआधी हे दोन आकडे बदलून पाहा.

अंडरव्होल्टचा फायदाही खरा आहे. प्रोसेसर काम करताना खातो ती वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज १० टक्के घटलं तर ही वीज जवळपास १९ टक्क्यांनी घटते. तरीही अनेकांची निराशा होते, ती रेंडरिंगसारख्या पूर्ण लोडवर. नवे रायझन वॅटची किंवा ९५ अंशांची मर्यादा गाठेपर्यंत वेग वाढवत राहतात. कर्व्ह ऑप्टिमायझरने (रायझनमध्ये अंडरव्होल्ट करायच्या बायोसमधल्या सोयीने) वाचवलेले वॅट ते लगेच वेग वाढवायला वापरतात. काम लवकर होतं, तापमान मात्र जागचं हलत नाही. गेममध्ये प्रोसेसर बहुधा वेगाच्या कमाल मर्यादेला आधी टेकतो, म्हणून तिथे तापमान खरोखर उतरतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उद्देश तापमान कमी करणं हाच असेल, तर आधी पॉवर लिमिट. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीचं तापमानच ४० च्या घरात जातं, आणि हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे मुळात उष्णता कमी निर्माण होणं महत्त्वाचं. (हीटसिंकमधली धूळ त्याही आधी काढा.) पॉवर लिमिटमुळे गेलेला वेग परत हवा असेल, तर मग अंडरव्होल्ट जोडावं. दोन्ही एकत्र उत्तम चालतात.

पॉवर लिमिटने मशीन अस्थिर होत नाही. अंडरव्होल्टने होऊ शकतं. आणि ते दिसतं भलत्याच वेळी. सिनेबेंचसारखी पूर्ण लोडची चाचणी तासभर व्यवस्थित चालते, पण ब्राउझर उघडा ठेवून चहा घ्यायला गेलं की मशीन रीस्टार्ट झालेलं असतं. कारण हलक्या कामात एखादाच कोर सर्वांत वरच्या वेगावर जातो, आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. त्यामुळे एकेक कोर तपासणारं कोअरसायकलरसारखं साधन रात्रभर चालू ठेवा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सुरुवात उणे १० पासून करा, एकदम उणे ३० वर उडी नको. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी येऊ लागल्या, तर मशीन बंद पडत नसलं तरी तो आकडा मागे घ्या; चुकीचं गणित करणारा प्रोसेसर फाइलीही बिघडवू शकतो.

इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात आकड्यानंतर ‘के’ नाही, त्यांच्यात व्होल्टेज बदलायची सोय बहुधा बंदच असते. तिथे पॉवर लिमिट लावा.