सोनं आधी खाली बसतं

ठाण्याच्या खाडीत सोनं नाही. उल्हास नदीत नाही, पनवेलच्या गाढी नदीतही नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे नदीच्या तळातून सोनं ओढून घेणारा हातपंप घरी कसा करायचा ते येणार आहे, आणि तो घेऊन कुणी रेतीबंदरला उतरलेलं मला नको आहे. रात्री बार्जवर सक्शन पंप चढवून रेती उपसायची आणि मग तहसीलदारांच्या पथकाने येऊन ते पंप तोडायचे, हा खेळ आपल्या खाडीत पुरेसा झाला आहे.

सोनं का नाही, याचं उत्तर पायाखालीच आहे. ठाणं, मुंब्रा, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या हे सगळं दख्खनच्या बेसॉल्टचं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थंड झाले. अशा खडकात सोनं टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, तेही सगळीकडे विखुरलेलं. ते एका जागी यायचं तर खोल भेगांतून गरम, खारं पाणी फिरावं लागतं. ते पाणी सोनं विरघळवून आणतं आणि गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांमध्ये सोडून देतं. कर्नाटकातले कोलार आणि हट्टीचे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. डोंगर घडवणाऱ्या उलथापालथी त्यांच्या वाट्याला आल्या आणि त्यांच्याबरोबर हे पाणीही आलं. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा सापडतात त्या पार नागपूर-भंडाऱ्याकडे, तशाच प्राचीन खडकांत. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत गरम पाण्याने भरली ती झिओलाइटं आणि ॲपोफिलाइट. खाणीतल्या दगडात ते स्फटिक दिसले तर जरूर उचला, देखणे असतात.

झारखंडची सुवर्णरेखा किंवा केरळात निलंबूरजवळची चालियार या नद्यांची गोष्ट निराळी. तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन सोन्याचे कण काढत आले आहेत. मेहनत त्यांची, पण निवडण्याचं मोठं काम नदीने आधीच केलेलं असतं. पाण्याची घनता १ धरली तर सोन्याची १९.३, गारेची २.६५. पाण्यात बुडाल्यावर प्रत्येक वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकं घटतं, म्हणजे हिशेबात दोन्हीकडून १ वजा करायचा. उरतात १८.३ आणि १.६५. हवेत सोनं गारेच्या सातपट जड होतं, पाण्यात ते अकरापट झालं! महापुरात नदीचा तळच हलतो, गोटे-वाळू सगळं घुसळून निघतं. त्या घुसळणीत सोनं खाली खाली सरकत कातळाच्या फटीत जाऊन बसतं. पूर ओसरला की त्यावर खडी-माती घट्ट दाबली जाते. फट बोटभर रुंद आणि वीतभर खोल असते, तिथे फावडं शिरत नाही. परदेशातले हौशी सोनं-शोधे या फटींसाठी पीव्हीसी पाईपचा हातपंप घरीच बनवतात.

हा पंप म्हणजे होळीची पिचकारीच, फक्त दांडगी. साहित्य नौपाड्यात किंवा वाशीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. आतून साधारण ५० मिलिमीटर व्यासाचा, ६० सेंटिमीटर लांबीचा जाड पीव्हीसी पाईप हे पंपाचं पोट. खालच्या टोकाला रिड्युसर, म्हणजे जाड पाईप बारीक नळीला जोडणारा तुकडा, आणि त्यातून आतून २० मिलिमीटर व्यासाची नळी. वरच्या टोकाला एंड कॅप, तिच्या मधोमध दांडा जाईल असं भोक आणि बाजूला हवा जाण्या-येण्यासाठी एक छोटं भोक. हे दुसरं भोक विसरलात तर वरची हवा कोंडते आणि दट्ट्या अर्ध्यातच अडून बसतो. दांड्याला वर टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावली की मूठ तयार.

सगळी मेख दट्ट्यात आहे. दोन चकत्यांमध्ये वाटीच्या आकाराचे चामडी वॉशर धरायचे, हापशात असतात तसे, पण दोन आणि पाठीला पाठ लावून. वाटीसारखा वॉशर एकाच दिशेने घट्ट बसतो. ज्या बाजूला दाब जास्त त्या बाजूला वाटीचं तोंड असेल तर तिची कड पसरून पाईपला चिकटते, उलट असेल तर कड मिटते आणि पाणी निसटतं. ओढताना वरचा दाब जास्त असतो आणि ढकलताना खालचा, म्हणून एक वाटी वर तोंड करून आणि एक खाली. चामडं बसवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजू द्या.

आपण म्हणतो ‘पंप पाणी ओढतो’. खरं तर पाणी ओढलं जात नाहीच. दट्ट्या वर गेला की त्याच्याखाली दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नदीच्या पृष्ठभागावर बसून पाण्याला आत ढकलते. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना अनुभवाने ठाऊक होतं की विहिरीतून पाणी १० मीटरच्या आसपासच चढतं, पुढे काही केल्या चढत नाही. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीने १६४३-४४ मध्ये पाऱ्याच्या नळीने त्याचं कारण दाखवलं: हवेचा दाब तेवढाच पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. आपल्या पंपाला ती उंची कधीच लागत नाही, पण मर्यादा दुसरीकडून भेटते. तोंडात गोटा अडकला आणि तुम्ही ओढत राहिलात, तर ५० मिलिमीटरच्या दट्ट्यावर हवा जास्तीत जास्त वीस किलोच्या भाराइतका जोर लावते. हौसेने ७५ मिलिमीटरचा पाईप घेतलात तर तोच जोर पंचेचाळीस किलोंवर जातो. मोठा पंप चांगला हा समज इथे कंबरेला महागात पडतो.

गोटा अडकू नये म्हणून एक साधी युक्ती आहे. नळीच्या अगदी तोंडाशी आतून एक बारीक कडी चिकटवायची, म्हणजे तोंड उरलेल्या नळीपेक्षा किंचित अरुंद होतं. त्यातून जो खडा आत शिरला, तो पुढे कुठेच अडकत नाही.

आता वेगाकडे. माझ्या मते या पंपातली खरी गंमत इथेच आहे, बाकी प्लंबिंग. समजा, दट्ट्या एका सेकंदात ४० सेंटिमीटर वर ओढला. पोटातलं पाणी सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने चढलं आणि जवळपास पाऊण लिटर आत आलं. तेवढंच पाणी त्याच वेळात अरुंद नळीतून जायला हवं. व्यास अडीचपट कमी, म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहापट कमी, म्हणून नळीत वेग सेकंदाला अडीच मीटर. गोल मानलेला एक मिलिमीटरचा सोन्याचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटर वेगाने बुडतो. नळीतला प्रवाह त्याच्या चौपट वेगाचा, म्हणून कण मुकाट वर येतो. नळी संपून तो पोटात आला की पाण्याचा वेग ४० वर घसरतो. त्या पाण्याला हा कण पेलवत नाही आणि तो परत फिरतो.

परत फिरून तो नळीतूनच बाहेर पडला तर काय उपयोग? म्हणून नळी रिड्युसरपाशी न संपवता दहा सेंटिमीटर पोटाच्या आत वर आलेली ठेवायची. जड कण खाली येतात ते नळीभोवतीच्या रिकाम्या खोबणीत. दट्ट्या ढकलला की पाणी वरच्या वर नळीच्या तोंडातून निघून जातं आणि खोबणीतला माल जागेवर राहतो. झडप नाही, बिजागरी नाही, बिघडायला काही नाही. पंप वापरण्याआधी मात्र तो सरळ उभा धरून, नळीचं तोंड पाण्याखाली ठेवून, दट्ट्या दोन-तीनदा पूर्ण वर-खाली करून आतली हवा पूर्ण घालवायची. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी ताणते-आक्रसते आणि हाताचा झटका नळीच्या तोंडापर्यंत पोचतच नाही.

ढकलण्याआधी किती थांबायचं, याचंही उत्तर याच आकड्यांत आहे. सोन्याचा मिलिमीटरभर कण ४० सेंटिमीटर उतरायला सेकंदभरसुद्धा घेत नाही. तेवढीच गारेची वाळू सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आसपास उतरते, तिला अडीच-तीन सेकंद लागतात. म्हणजे ओढा, ‘एक हजार एक’ म्हणा (तेवढ्यात साधारण एक सेकंद जातो) आणि ढकला. सोनं खोबणीत बसलेलं असतं, बरीचशी वाळू अजून तरंगत असते, ती पाण्याबरोबर बाहेर जाते. जास्त थांबलात तर दोन्ही बसतात आणि खोबण वाळूने भरते.

या हिशेबात एक गृहीत लपलं आहे: दोन्ही कण एकाच आकाराचे. सोन्याचा कण ०.१ मिलिमीटरचा असेल तर तो सेकंदाला सहा-साडेसहा सेंटिमीटरच उतरतो. म्हणजे मिलिमीटरभर वाळूच्या कणाने त्याला सहज मागे टाकलं! अकरापट जड असूनही सोनं हरलं, कारण बारीक कणाच्या वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा आणि पाण्याचा विरोध त्यामुळे प्रभावी. म्हणून पंपातला माल घमेल्यात काढल्यावर आधी चाळायचा, सारख्या जाडीचे ढीग वेगळे करायचे आणि मगच प्रत्येक ढीग धुवायचा. ०.१ मिलिमीटरच्या ढिगात गार सेकंदाला एक सेंटिमीटरसुद्धा उतरत नाही आणि सोनं पुन्हा जिंकतं. झवेरी बाजारात सोनारांच्या दुकानांतला झाडलोटीचा कचरा धुणारे झारेकरी पोटासाठी हेच भौतिकशास्त्र वापरतात, पंपाशिवाय.

आणखी एक गोष्ट, जी पंप हातात घेतल्याशिवाय पटत नाही. पाणी बाहेर मारताना धार लांब जाते, आत घेताना मात्र ते चहूबाजूंनी येतं. तोंडापासून तोंडाच्या एका व्यासाइतकं दूर गेलं की वेग दहाव्या हिश्श्याच्याही खाली येतो. दोन सेंटिमीटरवरून तुम्ही कितीही जोरात ओढा, सोन्याचा कण ढिम्म हलणार नाही. नळी फटीत खुपसून तळाला टेकवावीच लागते.

सोनं नसलेल्या गावात हे पडताळायचं कसं? टंगस्टनने. त्याची घनता सोन्याइतकीच, १९.३. टिग वेल्डिंगच्या कांड्या टंगस्टनच्या असतात. हिरव्या टोकाची शुद्ध टंगस्टनची कांडी मागा. लाल टोकाची नको, तिच्यात थोरियम असतं आणि ते किरणोत्सारी आहे. डोळ्यांवर गॉगल लावून, कांडी फडक्यात गुंडाळून पकडीने बारीक तुकडे मोडा, हा धातू काचेसारखा तुटतो. बांधकामावरून घमेलंभर वाळू आणा. हल्ली ठाण्यात वाळू म्हणून येते ती बहुधा क्रश सँड, म्हणजे दळलेला बेसॉल्टच, घनता २.९ च्या आसपास. टबात तुकडे तळाशी, वर वाळू, वर पाणी. मग ‘एक हजार एक’ म्हणून ढकला, पुढच्या खेपेला ‘एक हजार एक’पासून ‘एक हजार चार’पर्यंत मोजून, आणि खोबणीत काय काय उरलं ते ताटात काढून बघा. शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखीच्या जागी हा टब ठेवला तर परीक्षकांवर उपकार होतील. ताटातल्या ओल्या वाळूवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइटच्या जातीचे, घनता पाचाच्या आसपास. सोन्याच्या नद्यांतही शेवटी ताटात राहते ती अशीच काळी वाळू, आणि तिच्यातून सोनं वेगळं करणं हेच सगळ्यात किचकट काम. त्यासाठी पारा वापरायची रीत जगभर आहे, तिने कारागिरांचं आणि नद्यांचं अतोनात नुकसान केलं आहे. घरात पारा आणू नका.

प्रयोग टबातच ठेवायचं कारण कायद्यातही आहे. सोनं शोधायला १९५७ च्या खाणी आणि खनिजे अधिनियमाखाली परवाना लागतो. शिवाय ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा भाग २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथला चिखल हे त्या पक्ष्यांचं ताट. नदीचा तळ ढवळण्याची किंमत इतरांनीही मोजली आहे: कॅलिफोर्नियाने सामन माशांच्या काळजीपोटी २००९ मध्ये नदीचा तळ उपसणारे, इंजिनावर चालणारे सक्शन ड्रेज थांबवले.

राहिला वंगणाचा प्रश्न. दट्ट्या जड चालला की हात खोबरेल तेलाकडे जातो. टंगस्टनच्या तुकड्यांना त्याने फार फरक पडत नाही, पण खऱ्या सोन्याचे नदीतले कण बहुधा चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. अशा पापुद्र्याला तेल लागलं की पाणी त्याला भिजवत नाही, आणि पाण्याचा पृष्ठताण त्याला चक्क तरंगत ठेवतो. १९.३ घनतेचा धातू पाण्यावर! म्हणून वॉशरला तेल न लावता पाण्यानेच मऊ ठेवायचा, आणि घमेल्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाकायचा. पृष्ठताण मोडतो आणि पापुद्रा तळाला जातो.